गिरणीपाशी वळणारी फेरी

आमच्या शेजारचे शांतवनकाका पत्र्याच्या डब्याला स्टेथोस्कोप लावतात. चेष्टा नाही, खरंच लावतात. डब्यात मूठभर चिंचोके घातलेले असतात, झाकण चिकटपट्टीने बंद केलेलं असतं, समोर आठ-नऊ वर्षांचं एखादं पोर श्वास रोखून उभं असतं आणि काका डोळे मिटून, मान तिरकी करून तो डबा तपासत असतात. मग नळ्या कानातून काढून म्हणतात, "छाती भरलीय ह्याची. चिंचोके लई झाले. निम्मे काढ आन परत दाखवायला आन." पोर पळतं. पुढचा पेशंट सरकतो.

हा दवाखाना दर डिसेंबरात त्यांच्या ओट्यावर भरतो. त्यांच्या ओट्याला लागून आमचा ओटा, आणि आमच्या ओट्याच्या खिडकीशी माझं शिलाई मशीन. मध्ये तीन फुटांची भिंत आहे, पण ती नुसती म्हणायला. मिरजगावात हायवेवरून दिवसभर ट्रक जातात, त्यांचा आवाज मला आताशा ऐकूही येत नाही. काकांच्या ओट्यावरचा मात्र मशीनच्या खडखडाटातूनही बरोबर कानात शिरतो. एकवीस पोरं, एकवीस वाजणाऱ्या वस्तू आणि मध्ये हे धन्वंतरी. वर मलाच विचारतात, "सुनंदा, तरास तर न्हाई ना होत?" नाही म्हणावं तर खोटं, हो म्हणावं तर पुढचा अर्धा तास त्रास म्हणजे काय ह्यावर व्याख्यान.

शांतवन साळवे हे त्यांचं पूर्ण नाव. वय सत्तरीला टेकलेलं, उंच, खांद्यात किंचित वाकलेले, डोक्यावर काळी टोपी. सगळी नोकरी नगरला एका दवाखान्यात ड्रेसर म्हणून झाली. जखमा धुवायच्या, मलम लावायचं, पट्ट्या बांधायच्या, आणि वॉर्डात जरा कुणी मोठ्याने बोललं की तोंडावर बोट ठेवून त्याला गप्प करायचं. म्हणतात, "अख्खी नोकरी मी लोकांना गप केलं. खोकलनाऱ्याला बी गप केलं. आता रिटायर झालो, आता वाजवायचं." बरं, वाजवायचं तर एकट्यानं वाजवावं. ह्यांना अख्ख्या गल्लीची पोरं लागतात. ख्रिस्ती वस्तीतली तर असतातच, पण आमची, गिरणीवाल्यांची, पलीकडच्या तांबोळ्यांची, सगळी. माझी ईश्वरी चौथीत आहे. शाळेचं दप्तर उचलायला तिचा हात दुखतो, पण काकांच्या ओट्यावर तेलाचा पंधरा किलोचा रिकामा डबा ती एकटी उचलून नेते.

नाताळच्या फेरीत वाजणारी प्रत्येक वस्तू घरातल्या सामानातूनच बनली पाहिजे, हा काकांचा पहिला नियम. कुणाच्या घरातल्या, हे नियमात सांगितलेलं नाही. आणि आमचं घर सगळ्यात जवळ.

गेल्या वर्षी कुकरची शिट्टी गेली. वरण होईना म्हणून मी गॅसपाशी ताटकळत उभी, आणि शिट्टी पलीकडे सायकलच्या पंपाच्या तोंडाला सुतळीने बांधलेली. दोन पोरं घामाघूम होऊन पंप मारतायत आणि काका बाजूला कंबरेवर हात ठेवून उभे. मी गेले तेव्हा शांतपणे शिट्टी सोडून माझ्या हातात दिली. "हिला वाफच लागती. आमच्याच्यानं न्हाई झालं, घरी घिऊन जा," म्हणाले. जसा काही माझाच पेशंट त्यांनी नाइलाजाने परत पाठवला.

यंदा तर कहर झाला. गावातल्या एका नवरदेवाचा कोट माझ्याकडे शिवायला होता. त्याची मोठी काळी बटणं मी डबीत वेगळी काढून ठेवली होती. चार होती, ती दोन झाली. उरलेली दोन ओट्यावर सापडली. बटणाच्या भोकांतून दोरा ओवून, दोन्ही टोकं दोन हातांत धरून पीळ द्यायचा आणि ताणायचं, की बटण गरगर फिरतं आणि भुंग्यासारखं घुमतं. ईश्वरीच्या हातात एक घुमत होतं, दुसरं तिच्या मैत्रिणीच्या.

"काका, ती कोटाची बटणं आहेत!"

"म्हनूनच घेतली. चार भोकांचं बटन हाय, जड हाय. असलं बटन कोटाला लावून वाया घालवायचं का?"

"नवरदेव परवा न्यायला येणार आहे."

"त्याला सांग, दोनच बटनांची फ्याशन हाय सध्या."

मी शेवटी तेच सांगितलं. काय करणार, त्या दोन बटणांवर एव्हाना दोऱ्याने चरे पडले होते. नवरदेव खूश होऊन गेला, आणि आता त्याचे दोन मित्र तसाच दोन बटणांचा कोट शिवायला मागतायत. त्याचं श्रेय काका दिवसातून एकदा तरी घेतात.

कोंबडीची तर गोष्टच सोडा. प्लास्टिकच्या पेल्याच्या बुडाला भोक पाडायचं, त्यातून जाड दोरा ओवून गाठ मारायची, पेला पालथा धरायचा आणि ओल्या फडक्याने दोरा चिमटीत धरून खाली झटके देत ओढायचा. हुबेहूब कोंबडी ओरडते. एक ओरडली तर मजा वाटते. एकवीस ओरडायला लागल्या तेव्हा तांबोळ्यांच्या खऱ्या कोंबड्या खुराड्यात येईनात, सैरभैर होऊन आमच्या न्हाणीघरावर चढून बसल्या. तांबोळीण भांडायला आली ती माझ्याशी, कारण काका त्या वेळी दार लावून आत गेले होते. त्यांना अशा वेळी नेमकं औषध घ्यायचं असतं.

एका पोरीने बाजारातून रंगीत प्लास्टिकचा भोंगा आणला, तेव्हा काकांचा चेहरा बघायला हवा होता. तो भोंगा त्यांनी दोन बोटांत धरून उलटासुलटा केला, एकदा वाजवला आणि तिला परत दिला. "विकतचं न्हाई चालायचं." पोरीचे डोळे भरून आले. मग तिला मांडीजवळ बसवून त्यांनी तिच्याच परसातून मागवलेला पपईचा देठ कापला, त्याला चीर दिली, तिच्याकडून सात वेळा फुंकून घेतलं, आठव्यांदा पिपाणी वाजली. तेव्हा म्हणाले, "भोंगा समद्यांचा सारखाच वाजतो. मग फेरीत तू कंची आन शेजारची कंची, कळनार कसं? ही पिपानी फकस्त तुझ्या घरची हाय." ती पोरगी तेव्हापासून ते ब्रह्मवाक्य असल्यासारखं सगळ्यांना सांगत फिरते, आणि तिच्या घरची पपई आता बिनदेठाची उभी आहे.

तर ही सगळी तयारी ज्या फेरीसाठी, ती नाताळच्या दिवशी सकाळची उपासना संपली की देवळापासून, म्हणजे चर्चपासून, निघते. गल्लीतल्या एकेका दारापुढे थांबायचं, घरातलं माणूस बाहेर येईपर्यंत वाजवायचं, आलं की "जय ख्रिस्त, नाताळच्या शुभेच्छा" म्हणायचं आणि फराळ घ्यायचा. घर कुणाचंही असो. आम्ही सगळे महिनाभर काकांना नावं ठेवतो आणि आदल्या दिवशी चिवडा करतो.

एका घरापुढे मात्र वाजवत नाहीत. ज्या घरात त्या वर्षी मयत झालेली असते, तिथे पोरं वस्तू काखेत मारतात, काका टोपी काढून हातात घेतात आणि सगळी फेरी पाऊल न वाजवता दारावरून पुढे जाते. ही शिस्त पोरांना शिकवावी लागत नाही. माझे सासरे गेले त्या वर्षी आमच्या दारावरून फेरी तशी गेली होती. एरवी क्षणभर गप्प न बसणारी ती पोरं खाली माना घालून चाललेली बघून मला खिडकीत रडू आलं. त्या दिवशी काकांवरचा माझा सगळा राग निघून गेला. दोन दिवसांनी परत आला, ते वेगळं.

आणि आणखी एक घर आहे, जिथे फेरी जातच नाही. गल्लीत पिठाची गिरणी आहे. गिरणीच्या पुढे दोन घरं, आणि त्यानंतर शेवटचं घर दानिएलकाकांचं. शांतवनकाकांचे सख्खे धाकटे भाऊ. ते येष्टीत ड्रायव्हर होते. फेरी गिरणीपाशी आली की काका हात वर करतात, पोरं वळतात आणि माघारी येतात. मधल्या दोन घरांचा काही गुन्हा नाही, पण ती बिचारी आपापली ताटं घेऊन गिरणीपर्यंत चालत येतात. गेली नऊ वर्षं असंच चाललंय.

कारण ऐकाल तर कपाळावर हात माराल. त्यांच्या आईच्या कबरीवर दगड बसवायचा होता. काकांच्या नोकरीचे तेव्हा शेवटचे महिने, सुट्टी मिळेना, म्हणून दानिएलकाकांनी पुढे होऊन दगड करून आणला. त्यावर खाली मुलांची नावं होती, दानिएल आणि शांतवन. ह्या क्रमाने. काका म्हणाले, थोरला मी. दानिएलकाका म्हणाले, पाथरवटाने जागा बघून कोरलं, मी काय करू. काका म्हणाले, दगड बदल. दानिएलकाका म्हणाले, आईच्या छातीवरचा दगड मी दोनदा हलवणार नाही. बोलणं तिथे थांबलं ते थांबलंच. मधे काकांची बायको, आमच्या निर्मलाकाकू, गेल्या. दानिएलकाका आले, मागे उभे राहिले, मूठभर माती टाकली आणि एक शब्द न बोलता गेले. काकांनीही मान वर केली नाही. मुलगी पुण्याला असते, ती आठवड्याने परत गेली. मग डिसेंबर आला आणि काकांनी ओट्यावर डबे मांडले.

ह्या नोव्हेंबरात दानिएलकाकांना छातीत कळ आली. नगरला नेलं, छाती उघडून ऑपरेशन झालं आणि डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांना घरी आणलं. डॉक्टरांनी बजावलं होतं, दगदग नको, भांडण नको, गोंगाट नको. मार्थाकाकू, म्हणजे त्यांची बायको, माझ्याकडे मऊ कापड घेऊन आल्या. सैल, पुढून उघडे दोन शर्ट शिवून हवे होते.

काकांनी भावाची चौकशी कुणाकडेही केली नाही. फक्त त्या संध्याकाळी माझ्या खिडकीशी येऊन उभे राहिले आणि मशीनवरच्या शर्टाकडे बघू लागले.

"कुनाचा हाय?"

"तुम्हाला माहीत आहे कुणाचा आहे ते."

"मी नुसतं इचारलं." मग बोट लांब करून म्हणाले, "ही मधली पट्टी चुकली. टाके मधोमध असत्यात. त्याच्यावर घासनार. एका अंगाला घे, आन बटनं नको, बंद लाव. बाराबंदीला असत्यात तसे. हाताला ताकद नसती त्या वख्ताला, बटन लावता येत न्हाई."

"मग तुम्हीच जाऊन सांगा ना त्यांना."

"मी शर्टाबद्दल बोलतोय," काका म्हणाले आणि गेले.

मी दात-ओठ खात सगळं उसवलं आणि परत शिवलं. मार्थाकाकू शर्ट न्यायला आल्या तेव्हा म्हणाल्या, "सुनंदा, लई इचार करून शिवलंस गं." मी शर्टांची घडी घालून दिली. उगाच आपण मध्ये पडा कशाला.

पण पोरांना कसलं आलंय मध्ये पडायचं भान! दुसऱ्या दिवशी ओट्यावर सगळ्यांसमोर आमच्या ईश्वरीनेच विचारलं, "आजोबा, यंदा दानिएल आजोबांकडं जायचं ना आपन? ते आजारी हायेत."

"आजारी मानसाच्या दारात वाजवत न्हाईत."

"आजारी नव्हते तवा बी नव्हतो गेलो."

काकांनी तिच्या हातातला डबा घेतला, तपासायला लागले आणि कितीतरी वेळ तपासत राहिले. पोरं एकमेकांकडे बघायला लागली. भिंतीच्या ह्या बाजूला माझं मशीन थांबलं होतं, आणि मग माझाच तोल गेला.

"काका, तिनं विचारलं ते काय चुकलं?" मी खिडकीतूनच म्हणाले. "माणूस मरता मरता वाचलाय. पुढच्या नाताळला कोण असेल, कोण नसेल, तुम्हाला ठाऊक आहे का? सगळी गल्ली दणाणून सोडता, आणि गिरणीपासून सख्ख्या भावाच्या दारापर्यंत वीस पावलं जायचं जमत नाही तुम्हाला?"

पोरांसमोर बोलायला नको होतं, हे मला बोलून झाल्यावर कळलं. काका उठले, डबा ईश्वरीला दिला आणि आत जाऊन दार लावलं. दोन दिवस ओटा बंद होता. मला वाटलं होतं, दोन दिवस निवांत शिवण होईल. कसलं काय, पोरं माझ्या खिडकीखाली येऊन सुतकी चेहऱ्याने बसायची, आणि शांततेत मला सुईत दोरा ओवता येईना.

तिसऱ्या दिवशी काका आले. "सुनंदा, चिंध्या दे. सुती पायजेत. टेरिकॉट नको, सुटतं ते."

कशाला हव्यात ते विचारण्यात अर्थ नव्हता. मी पिशवीभर दिल्या. काकांनी त्यांच्या बोटभर रुंदीच्या लांब पट्ट्या फाडल्या, वळकट्या केल्या आणि पोरांना रांगेत बसवून डब्यांना पट्ट्या बांधायला शिकवलं. अगदी दवाखान्यात मनगटाला बांधतात तशा, एक वेढा ह्या अंगाने, एक त्या अंगाने, शेवटी गाठ बाजूला. बुचांच्या छनछन्या, करवंटीचे डमरू, खुळखुळे, सगळ्यांना पट्ट्या. बांधून झालं की वस्तू कानाशी धरून हलवायची. आतला दाणा ठळक ऐकू आला तर सोडून परत बांधायचं. महिनाभर ज्यांनी आवाज वाढवण्यासाठी माझं घर धुऊन नेलं, ते आता तोच आवाज दाबायला माझ्याच चिंध्या वापरत होते. मी म्हटलं, गेलं, ह्यांचं डोकं गेलं.

"गिरनीपातुर दर सालासारखं वाजवायचं," काका पोरांना सांगत होते. "गिरनी आली की पट्ट्या बांधायच्या. मग पुढं जायचं. दानिएलच्या दारावरनं. त्याला दिसंल. पर ऐकू जाता कामा न्हाई, त्याला आराम सांगितलाय."

मी खिडकीतून वाकले. "म्हणजे जाणार तुम्ही?"

"फेरी जानार. मी फेरीसंगं असतो."

"आणि दारात थांबणार?"

"थांबायचं न्हाई. जायचं आन यायचं."

"मग उपयोग काय त्याचा?"

"गेलो म्हंजे गेलो," ते म्हणाले. मला बरं वाटलं होतं, पण दाखवलं नाही. दाखवलं असतं तर त्यांनी बॉबिनही मागितल्या असत्या.

नाताळच्या सकाळी देवळातून फेरी निघाली. ईश्वरी आहे म्हणून, आणि खरं सांगायचं तर राहवेना म्हणूनही, मीही मागून चालले होते. काय तो आवाज! डबे, कोंबड्या, पिपाण्या, माझ्या कोटाची दोन बटणं. कानात बोळे घालून चाललेल्या देवळाच्या पाळकसाहेबांना कुणीतरी हसत हसत डमरू दिला, तेही वाजवायला लागले. प्रत्येक दारापुढे ताट येत होतं. गिरणीपाशी काकांनी हात वर केला. सवयीने दोन पोरं माघारी वळलीसुद्धा, त्यांना धरून आणावं लागलं.

"पट्ट्या!" काका म्हणाले.

पाच मिनिटांत सगळं बांधून झालं. कुणाचा हात लागून वाजू नये म्हणून पोरांनी आपापल्या वस्तू काखेत घट्ट धरल्या. काकांनी ओळ सरळ केली. मग काय मनात आलं कोण जाणे, कदाचित भावाच्या दाराशी जायचं म्हणून, त्यांनी टोपी काढून हातात घेतली. फेरी पाऊल न वाजवता निघाली.

माझ्या लक्षात आलं नाही. पाळकसाहेबांच्या आलं नाही. इतकी वर्षं ज्यांनी ही रीत पाळली, त्या काकांच्याही आलं नाही. सगळ्यांचं चित्त आवाज होऊ नये ह्याच्यात. आधी दिसलं ते मार्थाकाकूंना. त्या करंज्यांचं ताट घेऊन दारात उभ्या होत्या. पोरं मुक्याने येताना, वस्तू काखेत, काकांची टोपी हातात, हे बघून त्यांनी झटकन मागे वळून पाहिलं. मागे खुर्चीत दानिएलकाका बसले होते. माझाच बाराबंदी शर्ट, वर शाल, डोक्याला माकडटोपी. ते खुर्चीचे हात धरून उठले आणि उंबऱ्यात आले.

"थांबा!" ते म्हणाले. "कोन मेलंय?"

पोरांनी वस्तू आणखी घट्ट धरल्या.

"ए शांत्या! माझ्या दारात कोन मेलंय? टोपी कुनासाठी काढलीस?"

काकांनी हातातल्या टोपीकडे बघितलं. मग पोरांच्या काखांकडे. तेव्हा कुठे त्यांच्या ध्यानात आलं, आणि त्यांचा चेहरा असा उतरला की मला त्यांच्याकडे बघवेना.

"तसं न्हाई, दानी..."

"मी जित्ता हाय अजून! डाक्टरनं धाडलाय मला माघारी! आन तू पोरंबाळं घिऊन माझी मयत काढतोस व्हय?"

"तुला आवाज सोसनार न्हाई, म्हनून म्हनलं..."

"सोसनार न्हाई?" दानिएलकाकांचा आवाज चिरकला. "नऊ वर्सं काय केलं मग? दर नाताळला हितं खुर्ची टाकून बसतोय मी. देवळापासनं ऐकतो. गिरनीपातुर येतो आवाज, आन वळतो. मार्था म्हनती, चला आत, आता काय येत न्हाईत ते. मी म्हनतो थांब, यंदा येतील. दर साली म्हनतो. आन यंदा आलास, तर मुका आलास!"

काका पायरीपाशी आले. बोलायला कधी कमी न पडणारा माणूस, पण नऊ वर्षांचं त्यांना एकदम कुठून सुचणार होतं! शेवटी त्यांना आयुष्यभर जे येत होतं तेच तोंडून निघालं.

"वरडू नकोस! टाके हायेत छातीला. बस आदी खाली."

"मी बसतो. तू वाजीव."

काकांनी सगळ्यात जवळच्या पोराच्या डब्याची गाठ सोडायला घेतली. जन्मभर लोकांच्या पट्ट्या सोडलेला माणूस तो, पण त्यांना ती गाठ सुटेना. आमच्या ईश्वरीला कसला आला धीर, तिने आपली पट्टी दातांनी तोडली आणि डबा वाजवला. मग सगळ्यांनीच तोडल्या. माझ्या चिंध्या गल्लीभर उडाल्या आणि असा गलका उठला की गिरणीवाला पीठ टाकून बाहेर आला. काका दोन्ही हात खाली करून हळू, हळू, म्हणून खुणावत होते, पण त्या दिवशी त्यांचं कुणी ऐकलं नाही. दानिएलकाका खुर्चीच्या हातावर बोटं आपटत होते. मार्थाकाकू रडत होत्या आणि येईल त्या पोराच्या हातात करंजी कोंबत होत्या. मी रडले नाही असं मी सगळ्यांना सांगितलं आहे.

वाजवून वाजवून पोरं थांबली तेव्हा दानिएलकाकांना धाप लागली होती. काका पायरीवर बसले, काही न विचारता भावाचं मनगट हातात घेतलं आणि घड्याळाकडे बघत नाडी मोजायला लागले.

"कशी हाय?" दानिएलकाकांनी विचारलं.

"मोजतोय. बोलू नको."

नाडी मोजायला एक मिनिट पुरतं, हे मलाही माहीत आहे. पोरांनी ताटातल्या करंज्या संपवल्या. मार्थाकाकूंनी दुसरं ताट आणलं, तेही संपलं. पाळकसाहेब निरोप घेऊन गेले. फेरी परत कोण नेणार म्हणून पोरं माझ्या पदराला ओढायला लागली, तेव्हा मी चिडून एक पत्र्याचा डबा हातात घेतला आणि त्यांच्यापुढे वाजवत चालायला लागले. गिरणीपाशी मागे वळून पाहिलं. काका अजून मोजत होते.